सरीतला हरभरा, ताटातली आमटी



दरवर्षी लागणीच्या तोंडावर आम्ही या पानावर बेणे, बेणेप्रक्रिया आणि खताचे डोस यांवर लिहीत असतो. यंदा विषय थोडा निराळा आहे. उसाला काय घालावे यावर आपण पुष्कळ बोललो. ऊस पिकविणाऱ्या घराने काय खावे, तेही कमी खर्चात आणि होईल तितके आपल्याच रानातले, यावर चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. गेल्या वर्षापर्यंत आम्हालाही तसेच वाटत होते.

गेल्या पावसाळ्यात आडसालीच्या नोंदी घेत आम्ही कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. सभासद जुने, चार एकर बागायत, एकरी साठ टनांच्या खाली कधी न आलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी घरी न नेता आधी रानात नेले. दोन महिन्यांच्या उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीची जमीन. आम्ही सांगितले, "आबा, हा केवडा. लोह कमी पडलंय. हिराकस शेणखतात मुरवून द्या, हिरवा होईल."

मग चहाला घरी आलो. वहिनी चहा घेऊन आल्या त्या भिंतीला हात धरूनच. आम्ही विचारले तेव्हा आबांनी कोनाड्यातला कागद काढून पुढे ठेवला. प्राथमिक आरोग्य केंद्रातला रक्ताचा रिपोर्ट होता; हिमोग्लोबिन साडेआठ. बाईमाणसाला ते किमान बारा हवे. सोबत गोळ्यांचे पाकीट होते. शाळेतल्या नातवाने त्यावरची अक्षरे वाचली : फेरस सल्फेट. आबा आमच्या तोंडाकडे बघत राहिले. "सायेब, म्हंजे ह्यो पण हिराकसच की!"

होय, हिराकसच. औषधी प्रतीचा, मोजून दिलेला. पण लोह तेच. उसाचा केवडा आबांना लांबून दिसला, आम्हाला तर मोटारसायकलवरून दिसला. घरातला केवडा मात्र कोणाला दिसला नव्हता. आणि हे एका घरचे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक.

त्या दिवशी गावचा बाजार होता. पिशवीतून अर्धा किलो तूरडाळ, बटाटे आणि मेथीची एक पेंढी निघाली. चार एकर पाण्याखालचे रान आणि मेथी बाजारातून! काखेत कळसा अन् गावाला वळसा. आबांच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पयलं आमच्या रानात काय न्हवतं? शाळवात हरभरा, करडई, कडंनं तूर, बांधाला शेवगा, अंबाडी. मीठ अन् काडीपेटी तेवढी इकत आणायचो. आता समदा ऊसच."

म्हातारीचे बोलणे आम्हाला लागले, कारण बांधावरचा शेवगा सावली करतो, तोडा, असे त्या गावात सांगणारे आम्हीच होतो. आंतरपीक नको, टनेज घटते, हेही आमचेच सांगणे. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आपण इतरांना ऐकवतो. ती आपल्यालाच लागू पडली.

ताटाचा डोस

नुसत्या युरियावर ऊस उभा राहत नाही, हे आता प्रत्येक सभासद जाणतो. नत्र भरपूर दिले आणि पालाश कमी पडला की वाढ तिथेच अडते. शरीराचे तसेच आहे. पोटभर भाकरी हा झाला एक डोस. त्यातून उष्मांक मिळतात, काही प्रथिनेही मिळतात. पण धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो, आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात मिळते. म्हणून भाकरी आणि पिठले, भात आणि आमटी ही आपल्या आज्यांनी घातलेली जोडी शास्त्राला धरून आहे. मटण-मासे न खाणाऱ्या माळकरी घराचेही प्रथिनांचे काम या जोडीवर नीट भागते. अट एकच, डाळ ताटात दिसली पाहिजे. आमटीत हात बुडवून डाळ शोधावी लागत असेल तर तो डोस अपुरा समजावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात दोन हजार कॅलरींच्या रोजच्या आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया किंवा सुकामेवा आणि ३०० मिलिलिटर दूध असा हिशेब आहे. रानात राबणाऱ्याला धान्य याहून जास्त लागेल. पण आपल्याकडे धान्य कमी पडत नाही. कमी पडते ती डाळ आणि पालेभाजी.

आता घरचा हिशेब करू. पाच माणसांचे घर, माणशी ८५ ग्रॅम डाळ धरली तर दिवसाला ४२५ ग्रॅम, वर्षाला सुमारे १५५ किलो. म्हणजे दीड क्विंटल. एवढी डाळ बाजारातून आणायची म्हटले की हात आखडतो आणि मग आमटी पातळ होते. पातळ आमटीचा वाटा कोणाच्या ताटात पडतो, हे सांगायला नको. घरात सगळ्यात शेवटी जी जेवते, तिच्या.

कोणत्या लागणीत काय घ्यावे

ही दीड क्विंटल डाळ उसाच्या सरीतच पिकू शकते. लागणीनंतर पहिले साडेतीन-चार महिने ऊस रान झाकत नाही. साडेचार-पाच फुटी सरी असेल किंवा जोडओळ पट्टा असेल तर मधली जागा मोकळीच पडून तण पोसते.

पूर्वहंगामी लागण (१५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर) : यात हरभरा सर्वांत सोयीचा. सरीच्या बगलेला, पाणी साचणार नाही अशा उंचीवर, १० सेंटिमीटरवर एकेक दाणा टोकावा. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम चोळावे. पाणी तुंबले की मर लागते, म्हणून पहिली पाणी हलकी द्यावीत. विजय, दिग्विजय हे वाण साधारण साडेतीन महिन्यांत निघतात. बरे साधले तर एकरी तीन क्विंटल हरभरा हाती येतो, म्हणजे अर्ध्या एकरात घरची बेगमी. शेंडे खुडले की फुटवा वाढतो, आणि खुडलेली हरभऱ्याची भाजी ताटात येते ती वेगळीच. वाळवून ठेवली तर उन्हाळ्यातही चालते.

आडसाली लागण (१५ जुलै ते १५ ऑगस्ट) : भुईमूग, सोयाबीन, मूग, चवळी.

सुरू लागण (१५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी) : उन्हाळी भुईमूग, मूग, कडेच्या सऱ्यांना मेथी, कोथिंबीर, भेंडी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आंतरपीक असलेल्या प्लॉटात ॲट्राझिन किंवा २,४-डी अशी उसाची नेहमीची तणनाशके मारू नयेत. हरभरा-सोयाबीन जळून जाईल. तिथे खुरपणच करावी. आणि मका आंतरपीक म्हणून घेऊ नये. तो उसाच्या वर जातो आणि उसाचेच खातो. शेंगवर्गीय पिकाचे तसे नाही. त्याच्या मुळावरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, आणि काढणीनंतरचा पाला-भुसकट सरीत गाडून मोठी बांधणी केली की जमिनीलाही घास मिळतो.

बांध आणि दोन गुंठे

पाटाच्या कडेला किंवा विहिरीजवळ दोन गुंठे रान उसाविना ठेवावे, अशी आमची शिफारस आहे. एकरी चाळीस टन धरले तर दोन गुंठ्यांत दोन टन ऊस कमी होईल. ऊस विकास अधिकाऱ्याने असे लिहावे का, असे गाळपाचा हिशेब बघणारे विचारतील. आमचे उत्तर असे की, आजारी घरातला ऊस फार काळ चांगला राहत नाही. दवाखान्याची एक खेप दोन टनांचे बिल सहज खाऊन जाते.

या दोन गुंठ्यांत माठ, राजगिरा, चाकवत, मेथी, पालक यांचे वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकावेत, म्हणजे एकदम उतू जाऊन मग खंड पडत नाही. एक लिंबू, एक पेरू आणि बांधावर पुन्हा शेवगा लावावा. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला टाकतो; खरे सत्त्व पाल्यात आहे. घोळ आणि तांदळी तर तण म्हणून आपण उपटून बांधावर फेकतो. त्या भाज्याच आहेत, आणि फुकट आहेत. मात्र तणनाशक मारलेल्या रानातली भाजी खाऊ नये.

हंगामात आपल्या फडात तोडणीच्या टोळ्या असतात. कोपीवरच्या बायका पहाटे भाकरी थापून फडात येतात आणि तोंडी लावायला बहुतेक चटणीच असते. भाजीचा वाफा उतू गेला तर ओंजळभर भाजी तिकडेही जावी. आपला ऊस त्यांच्याच हातून जातो.

स्वयंपाकघरातल्या गोष्टी

वहिनींना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी जे सांगितले, ते आम्ही डायरीत टिपून घेतले. तेच इथे देतो.

पालेभाजी आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला आंबट लागते. जेवताना लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह अडवतो. तासभर जाऊ द्यावा.

मटकी, मूग, हुलगा भिजवून मोड आणावेत. मोडाने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातले लोह व जस्त शरीराला अधिक मिळते.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, डाळीत २० ते २२, शेंगदाण्यात २५ च्या आसपास आणि सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. म्हणून नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन भाजून दळावे. सोयाबीन कच्चे वापरू नये. डब्यातल्या महाग पावडरींच्या मागे लागण्याचे कारण नाही.

हाडांसाठी नाचणी, आणि तिळाची किंवा कारळ्याची चटणी रोज चमचाभर.

गुळात थोडे लोह असते, पण रक्त वाढविण्याएवढे नाही. आणि साखर आपण बनवतो हे खरे, तरी ती फक्त उष्मांक देते. ती चहापुरतीच बरी.

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नात मिळत नाही. ते दूध-दह्यातून येते. आपल्याकडे दावणीला म्हैस असते, पण सगळे दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. एक तांब्या दूध घरात विरजणाला ठेवावे. जे दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी घ्यावी. आणि ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी आहार सुधारला म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. केवडा पडल्यावर नुसत्या शेणखताने भागत नाही. हिराकस द्यावाच लागतो. शेणखत पुढच्या वर्षासाठी.

आबांचे अर्धा एकर

गेल्या ऑक्टोबरात आबांनी पूर्वहंगामी लागणीत अर्ध्या एकरात हरभरा टोकला. फेब्रुवारीत पावणेदोन क्विंटल निघाला. त्यातला एक दाणाही विकायचा नाही, असे म्हातारीने बजावले आणि लिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरला. पाटाकडेच्या दोन गुंठ्यांत भाजी आहे, बांधावर शेवग्याच्या चार फांद्या फुटल्या आहेत. वहिनींचे हिमोग्लोबिन जूनमध्ये अकराच्या वर गेले. गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे श्रेय हरभऱ्याचे किती आणि गोळ्यांचे किती, हे आम्ही सांगू शकत नाही. ऊस मात्र घटलेला दिसत नाही. तोडणी झाली की टनेज आम्ही याच पानावर देऊ, जे येईल ते.

परवा गेलो तेव्हा वहिनींनी आम्हाला जेवायला बसवले. भाकरी, शेवग्याच्या पाल्याची डाळ घालून केलेली भाजी, लिंबाची फोड. आम्ही म्हणालो, "वहिनी, तुम्हीही बसा की." त्या हसल्या, "तुमचं होऊ द्या आधी." तेव्हा आबांनीच ताट ओढले आणि म्हणाले, "बस गं. सगळी एकदमच जेवू."

हा शेवटचा डोस कोणत्याही पुस्तकात नाही, पण तो सर्वांत स्वस्त आहे. सभासदांनी यंदा गट ऑफिसला लागणीची नोंद देताना आंतरपिकाची नोंदही द्यावी. बियाणे, जिवाणू खत आणि टोकणीचे अंतर याविषयी शेतकी मदतनीस बांधावर येऊन सांगतील. आणि घरात कोणाचे डोळे, नखे फिकट दिसत असतील, जिना चढताना दम लागत असेल, तर माती परीक्षणाला आपण जसे जातो तसे रक्त परीक्षणालाही जावे. आरोग्य केंद्रात ते होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी