मुंबईला पोहोचले म्हणजे सुटले?

घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेलं, की टेंभी नाक्याजवळ एक सिनेगॉग आहे. हिटलरच्या छळातून पळून आलेल्या ज्यूंनी ते उभारलं असावं, असं अनेकांना वाटतं. ते १८७९ सालचं आहे. हिटलर जन्मला १८८९मध्ये. ते आहे बेने इस्रायली ज्यूंचं. पूर्वी कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे. १९४८नंतर यांतले बरेच जण इस्रायलला गेले, पण छळामुळे नव्हे.

गैरसमज: कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी ज्यूंची होती.
१९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते. त्यांना घरांतून उचललं ते स्टालिनच्या राजवटीने. सायबेरिया, इराण असं करत ते इथवर आले.

गैरसमज: हिटलरपासून वाचलेल्यांना भारताचं दार सताड उघडं होतं.
दार ब्रिटिशांच्या हातात होतं. येणाऱ्याच्या पोटापाण्याची हमी कुणीतरी घ्यावी लागे. त्यासाठी मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आणि सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटताच जर्मन पासपोर्टवाले सगळेच शत्रू ठरले. नाझींनी देशोधडीला लावलेले ज्यू पुरुषही पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले, आणि नाझीही तिथेच! चौकशीनंतर अनेक जण सुटले. पुढे काहींना पुरंदरावर दिवस काढावे लागले. आपण पुरंदरावर ट्रेकला जातो तेव्हा हे आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: छळछावणी पाहिली नाही, त्याला काय सोसावं लागलं?
व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर यांचं आयुष्य पाहा. मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९मध्ये त्या मुंबईला आल्या, १९४०मध्ये पारशी डॉक्टर आदी बोमन-बेहराम यांच्याशी लग्न केलं आणि १९४१मध्ये इथेच नृत्यशाळा काढली. मागे राहिलेली आई, सावत्र वडील, बहीण आणि इतर नातलग नाझींनी मारले. मुंबईत मुलांना पावलं शिकवणाऱ्या या बाईंच्या माहेरी कुणी उरलंच नव्हतं. सोसणं सीमेवर संपत नाही. सुटकेचं श्रेय देण्याच्या घाईत आपण हे विसरतो.

१९४८मध्ये त्या लंडनला गेल्या. तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलाला, डेरियसला, डाऊन सिंड्रोम होता. नाझींनी अशा मुलांना जगण्यास नालायक ठरवून मारलं होतं. होल्गर यांनी अशाच मुलांसाठी नृत्याची पद्धत घडवली, आणि १९६९मध्ये सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर धडधाकट नर्तकांबरोबर त्यांना उभं केलं. २००१मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी त्या गेल्या. म्हातारपणीही शिकवणं त्यांनी सोडलं नव्हतं.