यकृत नवे, तरी कर्करोग परत का येतो?

प्रत्यारोपणात गाठ जाते आणि जिथे ती उगवली ते सिरॉसिसने निबर झालेले यकृतही जाते. तरीही शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा रुग्णांत कर्करोग परततो, कारण शस्त्रक्रियेआधीच काही पेशी रक्तातून निसटलेल्या असतात. म्हणून तो पोटातच दिसेल असे नाही. फुप्फुसांत किंवा हाडांतही उगवतो.

हा धोका आवाक्यात आणला मिलानच्या डॉ. व्हिन्चेंझो माझाफेरो यांच्या १९९६ सालच्या, प्रत्यारोपणासाठी रुग्ण निवडण्याच्या निकषांनी. एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असतील तर प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरकाव नको. अशा रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनंतर हयात होते. त्याआधीचे निकाल पाहता ही फार मोठी झेप होती.

पण आकार आणि संख्या म्हणजे सगळे नव्हे. काढलेल्या यकृताच्या तपासणीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, किंवा रक्तातील एएफपी हे प्रथिन खूप वाढलेले असले, तर धोका चढतो. हे सारे मोजणाऱ्या ‘रिट्रीट’ गुणांकात शून्य गुण असल्यास पाच वर्षांतला धोका ३ टक्क्यांहून कमी. पाच किंवा अधिक गुणांना तो ७५ टक्क्यांपुढे जातो.

बहुतेकदा कर्करोग पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. तेव्हा प्रकृती ठणठणीत वाटली तरी छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि एएफपी चाचणी चुकवू नका, आणि काढलेल्या यकृताचा पॅथॉलॉजी अहवाल डॉक्टरांकडून आवर्जून समजून घ्या.