उपचारांपूर्वीची तयारी : मुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात

कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या आप्तेष्टांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, उपचार उद्यापासूनच सुरू होतील ना?" तपासण्या व तयारी यांसाठी काही दिवस लागतील असे सांगताच हे दिवस वाया जाणार, या भीतीने घरातील मंडळी व्याकूळ होतात. ही भीती स्वाभाविक आहे. तथापि उपचार सुरू होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते मध्येच न थांबता पूर्णत्वास जाणेही महत्त्वाचे असते, आणि त्याचा पाया याच दिवसांत घातला जातो. तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनामुळे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन ही तयारी येथे विशद करीत आहोत.

रोगाची नेमकी ओळख

बायॉप्सीच्या अहवालावरून कर्करोग आहे हे निश्चित होते. परंतु तो किती पसरला आहे, जबड्याच्या हाडापर्यंत वा मानेतील गाठींपर्यंत पोहोचला आहे काय, हे स्कॅनवरून ठरते. त्यानुसार उपचारांचा क्रम निश्चित केला जातो. बायॉप्सी अन्यत्र झाली असल्यास केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर काचपट्ट्या व ब्लॉकही सोबत आणावेत. त्यांची पुनर्तपासणी करता येते व बहुधा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही.

दात, तंबाखू आणि आहार

किरणोपचारांपूर्वी दंतवैद्याकडे का पाठवितात, असा प्रश्न अनेकांना पडतो. किरणोपचारांमुळे लाळ कमी होते व जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा मंदावतो. पुढे दात काढण्याची वेळ आली तर जखम भरून येत नाही आणि प्रसंगी हाडच निकामी होऊ लागते. यास्तव वाचविता न येणारे दात आधीच काढून जखम भरण्यास साधारणतः दोन ते तीन आठवड्यांचा अवधी देतात.

"आता तंबाखू सोडून काय उपयोग?" असे काही रुग्ण निराशेने विचारतात. उपयोग निश्चित आहे. तंबाखू व धूम्रपान सोडल्यास शस्त्रक्रियेची जखम लवकर भरते, भूल देतानाचा धोका कमी होतो आणि रोग उलटण्याची शक्यताही घटते.

तोंड उघडत नसल्याने वा वेदनेमुळे पुष्कळ रुग्णांचे वजन निदानापूर्वीच घटलेले असते. मऊ भात-वरण, दूध, दही, अंडी, नाचणीची आंबील असा पचण्यास हलका व पौष्टिक आहार थोडा थोडा, पण वारंवार द्यावा. गिळणे अशक्य झाल्यास नाकातून नळी घालून अन्न देतात. नळी ही अखेरची खूण नसून शक्ती टिकविण्याचे साधन आहे. मधुमेह, रक्तदाब व चालू असलेली सर्व औषधे, काढे व जडीबुटींसह, डॉक्टरांना सांगावीत.

खर्चाचा संपूर्ण विचार

अनेक कुटुंबे केवळ शस्त्रक्रियेपुरता पैसा जमवून येतात. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आवश्यक असल्यास ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात आणि आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे सहा आठवडे चालतात. टाके निघाल्यावर गावी गेलेला रुग्ण शेतीच्या कामांमुळे वा शहरात राहण्याची सोय नसल्यामुळे वेळेत परत आला नाही, तर शस्त्रक्रियेचे श्रेय हातचे जाऊ शकते. म्हणून निवास, प्रवास व सोबत कोण राहणार, हे आरंभीच ठरवावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो व नियोजित उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र तयार ठेवावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. याकरिता उत्पन्नाचा दाखला लागतो. उपचारांसाठी रेल्वे प्रवासात रुग्ण व त्याच्या एका सोबत्यास सवलतही मिळते. समाजसेवा विभागाची भेट पहिल्याच दिवशी घेणे हितावह ठरते.

रुग्णाला सांगावे काय ?

"त्यांना काही सांगू नका, ते खचतील," अशी विनंती कुटुंबीय प्रेमापोटीच करतात. परंतु संमतिपत्रावर सही रुग्णाची असते, तंबाखू त्यालाच सोडावयाची असते आणि किरणोपचारांसाठी दररोज त्यालाच यावयाचे असते. रुग्णाला बहुधा शंका आलेलीच असते. मौनामुळे तो अधिक एकाकी पडतो. त्याला पेलेल तितके, त्याच्या कलाने, परंतु खरे सांगावे. हे काम डॉक्टर व कुटुंबीय मिळून करू शकतात.

देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरले जाते. दंतोपचार, पोषक आहार किंवा सहा आठवड्यांच्या निवासाचे भाडे यांवर कोठेही पाटी लागत नाही. तथापि सुरू झालेले उपचार अनेकदा याच साहाय्यामुळे पूर्ण होतात, हे आमच्या सहृदय दात्यांच्या निदर्शनास आणणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.