दोन वर्षांचे शिक्षण, आठ वर्षांची परतफेड

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील मध्यमवर्गीय घराघरांतून एक वेगळाच हिशेब सुरू होतो. एका बाजूला गुणपत्रिकेवरचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला पतसंस्थेतील ठेवीचे आकडे मांडून आईबाप रात्री जागवतात. अशाच एका गृहस्थांचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या कन्येला ग्वाल्हेरच्या एका खाजगी संस्थेत पुनर्वसनोपचार साहाय्यकाच्या दोन वर्षांच्या पदविकेस प्रवेश मिळतो आहे. वैद्यकाचा प्रवेश गुणांमुळे हुकला, फिजिओथेरपीची पूर्ण पदवी पैशांमुळे झेपत नाही. तेव्हा हा मधला मार्ग धरावा काय, असे ते विचारतात. "मुलगी कष्टाळू आहे, परंतु कर्ज मला काढावयाचे आहे," एवढे एकच वाक्य त्यांनी शेवटी लिहिले आहे. हा पेच त्यांच्या एकट्याच्या घरातला नव्हे, म्हणूनच त्याचा विचार येथे करीत आहोत.

इतक्या दूर ग्वाल्हेरच का, असे कोणी विचारील. परंतु गोमंतकीयांना ग्वाल्हेर परके कधीच नव्हते. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे आपल्या केरीचे. आज वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस दीड दिवसात ग्वाल्हेरच्या फलाटावर उतरविते आणि लष्कर भागात मराठी बोलणारे बिऱ्हाड अजूनही सापडते. शिक्षणाचेही त्या शहराला वजन आहे. राणी लक्ष्मीबाईंना जेथे वीरमरण आले त्या शहरात १८५७ च्या शताब्दीला, १९५७ मध्ये, शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे, जिवाजी विद्यापीठ १९६४ चे. अलीकडे दिव्यांग खेळाडूंसाठी खास प्रशिक्षण केंद्रही तेथे उभे राहिले आहे. मात्र शहराच्या लौकिकावर त्या शहरातील प्रत्येक संस्थेचा हक्क नसतो, हे जाहिरात वाचणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

या साहाय्यकाचे काम तरी काय? अर्धांगाच्या झटक्यानंतर निर्जीव झालेला हात रोज ठराविक रीतीने हलविणे, खुब्याचे हाड बसविलेल्या वृद्धेला कठड्याला धरून चालावयास शिकविणे, मतिमंद वा मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या बालकाकडून खेळातून व्यायाम करून घेणे. उपचार कोणता, किती आणि केव्हापर्यंत, हे तज्ज्ञ ठरवितो; तो प्रत्यक्ष घडवून आणण्याचे काम साहाय्यक करतो. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे. साहाय्यक, तंत्रज्ञ अशा वर्गासाठी किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण हवे. स्वतंत्र व्यावसायिकासाठी किमान छत्तीसशे तासांचे, तीन ते सहा वर्षांचे. हा आकडा पालकांनी कागदावर लिहून ठेवावा. पुढे त्याचाच उपयोग होणार आहे.

गरज नाही असे तर मुळीच नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, संसाराने मराठी. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि पुढल्याच वर्षी त्याच इस्पितळात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. त्या काळी डोळ्यांसमोर होती ती कॅलिपर लावलेली मुले. पोलिओ गेला, २०१४ मध्ये देशाला तसे प्रमाणपत्रही मिळाले. आता डोळ्यांसमोर म्हातारी माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठी उलटलेल्यांचा वाटा शेकडा अकरावर होता आणि मोठ्या राज्यांत अग्रणी ठरलेल्या केरळच्या तो फारसा मागे नव्हता. मुलगा बोटीवर, सून आखातात आणि ओसरीवरच्या खाटेवर लकवा झालेले वडील, हे दृश्य पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणत्याही वाड्यावर दिसते. बांबोळीच्या इस्पितळातून घरी पाठविल्यावर या वडिलांचा हात रोज कोण हलविणार? मोठ्या पदवीचा तज्ज्ञ रोज दारी येणे परवडत नाही. येथेच साहाय्यकाची जागा आहे.

परंतु गरज असणे आणि त्या गरजेपोटी कोणी पगार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता पत्रलेखकाच्या कर्जाचा हिशेब मांडू. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. वर्षाला पन्नास हजार शुल्क धरले तर दोन वर्षांचे एक लाख. खोली आणि जेवण महिना सात हजार, म्हणजे १ लाख ६८ हजार. पुस्तके, गणवेश, चतुर्थीला घरी येणे-जाणे मिळून ३२ हजार. झाले तीन लाख. पण जो खर्च कोणी मोजत नाही तो पुढेच आहे. ही मुलगी घरी राहून एखाद्या दुकानात किंवा कचेरीत नऊ हजारांवर लागली असती, तर दोन वर्षांत तिने २ लाख १६ हजार मिळविले असते. एकूण खर्च ५ लाख १६ हजार. पदविका घेऊन ती चौदा हजारांवर लागली असे धरले तर शिक्षणाने वाढविलेली कमाई महिना पाच हजार, वर्षाला साठ हजार. भांडवल वसूल व्हावयास साडेआठ वर्षे लागतात, आणि यात कर्जाचे व्याज मोजलेलेच नाही.

आता पूर्ण पदवी पाहा. २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमाने फिजिओथेरपीची पदवी पाच वर्षांची ठरविली आहे. शुल्क वर्षाला एक लाख, राहणे-जेवणे तेच, किरकोळ ८० हजार. रोख खर्च दहा लाख. बुडालेली कमाई ५ लाख ४० हजार. पगार पंचवीस हजार धरला, तर वाढीव कमाई वर्षाला १ लाख ९२ हजार आणि वसुली आठ वर्षांत. गंमत अशी की दोन्ही वाटा जवळजवळ एकाच मुक्कामाला पोचतात. खरा फरक त्यानंतर पडतो. पदवीधर स्वतःचे उपचारकेंद्र उघडू शकतो, केंद्रीय इस्पितळांच्या ज्या जाहिरातींत ३५,४०० रुपयांचे मूळ वेतन दिसते त्यांना अर्ज करू शकतो. साहाय्यकाचे चौदा हजार दहा वर्षांनीही वीस-बावीस हजारांवरच घुटमळतात. (पदवीधरांची प्रतिष्ठा तरी कोठे निर्विवाद आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी नावामागे 'डॉक्टर' लावू नये असे पत्र दिल्लीहून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले गेले.) परंतु ज्याच्या घरात दहा लाख नाहीत त्याला "पदवीच घ्या" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचे वर्णन ऐकविणे होय. गरिबाला परतफेडीच्या वर्षांहून हातातून आज जाणाऱ्या रकमेचा धाक अधिक असतो.

या साऱ्या हिशेबात एक गृहीत आहे, ते म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांतच संपेल. मध्य प्रदेशाचा अलीकडचा अनुभव येथे डोळ्यांआड करता येत नाही. त्या राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेले. सीबीआय चौकशीचे आदेश झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षाच स्थगित झाल्या. आणि २०२४ मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काही जण लाचेच्या आरोपावरून पकडले गेले. जुलै २०२५ मध्ये निमवैद्यकीय महाविद्यालयांच्या मान्यता व प्रवेशालाही जबलपूरच्या मुख्य पीठाने स्थगिती दिली, ती पुढे सर्वोच्च न्यायालयाने थांबविली. कोण दोषी, हे न्यायालये ठरवितील. विद्यार्थ्याच्या दृष्टीने परीक्षा एक वर्ष लांबली, तर जेवण-खोलीचे ८४ हजार आणि बुडालेल्या कमाईचे १ लाख ८ हजार वाढतात. म्हणजे वसुली आणखी तीन वर्षांहून अधिक लांबते. महाविद्यालयाच्या कपाटातील एका कागदाची ही किंमत आहे.

परदेशाचे स्वप्नही या जाहिरातींत हमखास असते. अमेरिकेत दोन वर्षांची साहाय्यक पदवी घेतलेला फिजिओथेरपी साहाय्यक वर्षाला साठ-पासष्ट हजार डॉलर मिळवितो, हे खरे आहे. परंतु ती पदवी तेथल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयाची असावी लागते आणि वर परवाना परीक्षा असते. आपल्याकडील पदविका दाखवून ते दार उघडत नाही. या आशेवर कर्ज काढू नये.

सरकारकडे बोट दाखविणे संपादकांना सोपे असते, तरीही ते येथे दाखवावे लागते. गोवा शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा साहाय्यकांची पदे निर्माण केली आणि पाच वर्षे काम केलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश ठेवला, तर वरचा हिशेब एका रात्रीत पालटेल. कमाईचा पाया पक्का होईल आणि वर चढण्याची वाटही राहील. आज या दोहोंपैकी काहीच नसल्यामुळे सारा धोका त्या एका बापाच्या सहीवर येऊन पडला आहे.

तेव्हा पत्रलेखकांना आमचे सांगणे असे. मुलगी गोव्यात परतून घरोघरच्या वृद्धांची सेवा करणार असेल, तर हे शिक्षण वाया जाणारे नाही. पण कर्ज रोख खर्चाच्या निम्म्याहून अधिक काढू नका. पैसे भरण्याआधी संस्थेकडून चार गोष्टी लेखी मागा: चालू वर्षाची मान्यता, अभ्यासक्रमाचे एकूण तास दोन हजारांहून कमी नाहीत याची नोंद, प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या इस्पितळात व किती खाटांवर होईल ते, आणि गेल्या दोन तुकड्यांची परीक्षा कोणत्या महिन्यात झाली ते. तुमच्या नात्यातले कोणी लष्करात राहत असेल तर त्या इस्पितळात सकाळी दहा वाजता एक फेरी मारून तेथे खरोखर विद्यार्थी दिसतात का, तेवढे पाहावयास सांगा. उत्तर आल्यानंतरच गोवा एक्सप्रेसचे तिकीट काढा.