कॅमेऱ्याचा डोळा

दूरचे नीट न दिसणाऱ्या एखाद्या मुलाने चष्मा उतरवून फळ्याकडे पाहिले, तर त्यास अक्षरे पुसट दिसतात. त्याने एका जाड कागदास टाचणीने बारीक छिद्र पाडावे, ते डोळ्याजवळ धरावे व त्यातून पुन्हा फळा पाहावा. अक्षरे पहिल्यापेक्षा स्पष्ट होतात. मात्र फळा काळोखात गेल्यासारखा भासतो. (अशा छिद्रातून सूर्याकडे कधीही पाहू नये.) स्पष्टता मिळाली, पण उजेड गेला. कॅमेऱ्यातील छिद्राचे सारे मर्म या देवघेवीत आहे.

कॅमेऱ्याच्या भिंगात पातळ पात्यांचे एक कडे बसविलेले असते. ती पाती सरकली म्हणजे मधले छिद्र लहान किंवा मोठे होते. आपल्या डोळ्यातील बाहुली उन्हात आकुंचन पावते व अंधारात विस्तारते, तसाच हा प्रकार होय. या छिद्रास अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचे माप ‘एफ’ या अंकाने सांगण्याची रीत आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास या अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल, तर एफ-२ ला छिद्र २५ मिलिमीटर रुंद असते आणि एफ-१६ ला अवघे ३ मिलिमीटर उरते. अंक मोठा तितके छिद्र लहान, ही उलटी रीत आरंभीच ध्यानात ठेवावी.

छिद्र लहान केल्याने स्पष्टता का वाढते? भिंग ज्या अंतरावर जुळविलेले असेल, त्या अंतरावरील वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश ते पडद्यावर पुन्हा बिंदूतच एकत्र आणते. त्याहून जवळच्या किंवा दूरच्या वस्तूंचे किरण मात्र पडद्यावर नेमके मिळत नाहीत. तेथे बिंदूऐवजी लहानशी चकती उमटते. अशा चकत्या एकमेकींवर पडल्या म्हणजे चित्र पुसट होते. छिद्र मोठे असल्यास किरणांचा झोत रुंद आणि चकतीही मोठी. छिद्र लहान असल्यास झोत निमुळता आणि चकती इतकी बारीक, की आपला डोळा तिला बिंदूच समजतो. जवळच्या ज्या ठिकाणापासून दूरच्या ज्या ठिकाणापर्यंत चित्र स्पष्ट दिसते, त्या पट्ट्यास स्पष्टतेची खोली किंवा डेप्थ ऑफ फील्ड असे म्हणतात.

अकोला जिल्ह्यात, अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ साली बांधला गेला. दगडात कोरलेली कमळे आणि शिलालेख हे त्याचे भूषण. या दरवाजापुढे काही पावलांवर मित्रास उभे करून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे आहे. मित्राचा चेहरा स्पष्ट हवा व मागची कमळेही स्पष्ट हवीत. येथे एफ-११ किंवा एफ-१६ योग्य. ऊन भरपूर असते, आणि दरवाजा तर पाच शतके जागचा हललेला नाही!

परंतु प्रत्येक वेळी लहान छिद्र उपयोगी पडत नाही. याच सातपुड्यात, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या सागवानी अरण्यात, रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. १८८४ नंतर मात्र शंभरावर वर्षे ते कोणास आढळल्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसले. पुढे ते मेळघाटातही आढळले.

आपल्या नित्याच्या पिंगळ्याहून हा पक्षी ओळखावयाचा कसा? पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. म्हणजे छायाचित्रात माथा पुसट आला, तर ठिपके नव्हते की दिसले नाहीत, हे कोण सांगणार? दुर्मिळ पक्षी समोर येऊनही पुरावा हातून जावयाचा.

समजा, सागाच्या सावलीत एफ-१६ ला सेकंदाचा ६० वा भाग इतका वेळ प्रकाश आत घ्यावा लागतो. तेवढ्यात पक्ष्याने मान वळविली, तर ठिपके पुसले जातात. एफ-५.६ ला आठपट प्रकाश आत येतो. म्हणून सेकंदाचा सुमारे ५०० वा भाग पुरतो आणि वळती मानही स्थिर उमटते. मागची पाने धूसर झाली, तरी काही बिघडत नाही. उलट पक्षी उठून दिसतो. मात्र दूरचे जवळ दाखविणाऱ्या लांब भिंगात स्पष्टतेचा पट्टा फार अरुंद असतो. छिद्र याहून पुष्कळ मोठे केले, तर चोच स्पष्ट आणि माथा पुसट असे होण्याचा संभव असतो. यास्तव भिंग पक्ष्याच्या डोळ्यावर जुळवावे व चोचीपासून माथ्यापर्यंतचा भाग त्या पट्ट्यात बसेल, इतपतच छिद्र मोठे ठेवावे. पक्ष्याच्या घरट्याजवळ तर जाऊच नये.

कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे : या चित्रात काय स्पष्ट दिसलेच पाहिजे, आणि काय धूसर झाले तरी चालेल? नरनाळ्याच्या दरवाजापुढे याचे उत्तर एक येते, मेळघाटच्या झाडाखाली दुसरे. ते उत्तर मिळाले, की छिद्र किती ठेवावे हे ठरविणे अवघड नाही.