पाण्यात बुडालेला ट्रक

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला आणि अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी पाणी ओसरले, की चालकाला किल्ली फिरवून पाहण्याचा मोह होतो. जाणता मिस्त्री मात्र त्याचा हात धरतो. असे का?

जुन्या ट्रकचे इंजिन बहुधा डिझेलचे असते. पिस्टन सिलिंडरमधील हवा दाबतो. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेटते. हवा दाबता येते; पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर पिस्टन वाटेतच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

म्हणून मिस्त्री बॅटरीची तार सोडतो व एअर फिल्टर उघडतो. तो कोरडा असेल, तर निम्मी काळजी मिटली! मग तो तेलाची पट्टी पाहतो. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. मात्र रेडिएटरचे पाणीही कमी झाले असेल, तर दोष पुराचा नसून हेड गॅस्केटचा असू शकतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते. खालचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेतले, की ते वेगळे दिसते.

शेवटी नोझल काढून इंजिन हाताने फिरवतात. आत पाणी असेल, तर छिद्रातून पिचकारी उडते. तेव्हा तोंड जवळ नेऊ नये. पाणी निघाल्यावरही इंजिन मोकळे फिरले नाही, तर ते उघडावेच लागते.