कुलाब्यात घडलेली क्ष-किरणांची पेटी

लॅक्सपीसीला ना आरसा आहे, ना भिंग. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले हे यंत्र आकाशाचे चित्र काढत नाही, येणारे क्ष-किरण मोजते. पेटीत झेनॉन वायू, थोडा मिथेन आणि उच्च व्होल्टेजवरच्या तारा. क्ष-किरणाचा कण झेनॉनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात, तारेजवळ पोचताना त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि विजेचा स्पंद उमटतो. स्पंदाच्या आकारावरून कणाची ऊर्जा कळते. येण्याची वेळही नोंदली जाते, सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकी काटेकोर. माझ्या मते या यंत्राचे खरे मोठेपण या घड्याळातच आहे.

अशा तीन पेट्या घेऊन २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह श्रीहरिकोटाहून निघाला. सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरची त्याची कक्षा विषुववृत्ताशी जेमतेम सहा अंश कललेली आहे. दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा मोठा पट्टा आहे, त्याचा त्रास अशा कक्षेत कमी होतो आणि मोजणी स्वच्छ राहते.

वायूवर चालणाऱ्या यंत्राला गळतीचा धोका असतोच. एका पेटीतला वायू गळाला, ती मार्च २०१८मध्ये बंद करावी लागली. दुसरीचे वागणे अस्थिर झाले. उरली लॅक्सपीसी-२० ही तिसरी पेटी, तीच भरवशाची.

काटेकोर वेळेचे मोल एका उदाहरणातून दिसते. ऑक्टोबर २०२०मध्ये स्विफ्ट उपग्रहाला एसजीआर जे१८३०-०६४५ हा मॅग्नेटार उद्रेकात सापडला. मॅग्नेटार म्हणजे जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गाउस, मॅग्नेटारचे शंभर लाख कोटी गाउसच्या घरातले. या क्षेत्राचा ताण ताऱ्याच्या कवचाला असह्य झाला की स्फोट होतात, असे मानतात. स्विफ्टला सापडलेला हा तारा दहा सेकंदांहून थोड्या अधिक काळात एक गिरकी घेतो. त्याचे स्फोट मात्र सरासरी ३३ मिलिसेकंदांचे! बंगळूरची रमण संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ यांतल्या अभ्यासकांना ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींत असे ६७ स्फोट सापडले. सर्वांत तेजस्वी होता तो सुमारे ९० मिलिसेकंद टिकला. एवढ्याशा अवधीत एकेका कणाची वेळ हाती असल्यामुळेच स्फोट कसा चढला, कसा ओसरला, गिरकीच्या कुठल्या टप्प्यावर झाला, हे विचारता येते. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. कुठल्याही कॉलेजातली मुलगीही त्या उतरवून घेऊन स्वतः स्फोट मोजू शकते.